फलकावरची सुलूबाय

बोईसर स्टेशनाकडून औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर नानांची चाळ होती. खाली दुकानं, वर बिऱ्हाडं. एका सकाळी बिल्डरच्या माणसांनी चाळीच्या कोपऱ्यावर बांबूची परांची बांधून मोठा फलक चढवला. त्या फलकावर सुलू चुरी दात काढून हसत होती. तोंड केवढं, तर शटराएवढं. हातात झारा, झाऱ्यात तळलेली तंगडी, मागे धूर. वर लफ्फेदार अक्षरांत लिहिलेलं : 'जुन्या बोईसरची चव, नव्या बोईसरच्या दारात.' खाली होऊ घातलेल्या उंच संकुलाचं चित्र. त्यात हिरवीगार झाडं आणि बोईसरात कुणी कधी न पाहिलेली गोरीगोमटी माणसं फिरत होती.

सुलू रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि कंबरेवर हात ठेवून स्वतःकडे बघत राहिली. शेजारी तिच्याकडे भाकऱ्या भाजणारी ठमी येऊन उभी राहिली.

"बाय, तुजा येक दात माज्या येवडा हाय गं!" ठमी म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

सुलूही हसली. खरं सांगायचं तर तिला आवडलं होतं. बिल्डरकडून फोटो काढायला आलेली रूपल नावाची मुलगी गोड होती. 'काकी, जरा हसा ना, नेहमी हसता तशा,' म्हणाली होती. सुलूने त्यासाठी अबोली रंगाची ठेवणीतली साडी नेसली होती. साठी उलटल्यावर कोण कुणाचा फोटो काढतो? दिवसभर गिऱ्हाइकं येऊन सांगत होती, "आंटी, आप तो हिरोइन बन गयीं." सुलू त्यांच्या ताटात कांद्याची एक चकती जास्त टाकत होती.

तो आनंद फार टिकला नाही. पण तो का टिकला नाही, हे कळायला सुलू कोण आणि तिची कोंबडी काय, हे आधी सांगायला हवं.

सुलूचं माहेर चिंचणीकडचं, समुद्राला लागून वाडी असलेलं. नारळ, केळी, भाजीपाला. घरात मसाला कुटायचा तर अख्खी आळी शिंकायची. लग्न होऊन ती बोईसरला आली ती बळवंत चुरीच्या घरी. बळवंत वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात मशिनीवर होता. एका सोमवारी तो कामावर गेला तर फाटकाला कुलूप. मालक कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नाही. बळवंत घरी येऊन खाटेवर बसला तो महिना झाला तरी उठेना. तेव्हा सुलूनेच कोंबडी आणली, आईच्या हातचा मसाला चोळला, तांदळाच्या पिठात घोळवून लोखंडी कढईत तळली आणि नवऱ्याला म्हणाली, "उठा. हातगाडी मिळते का बघा."

पाळी सुटायच्या वेळेला वसाहतीच्या नाक्यावर ती हातगाडी उभी राहायची. कोंबडी वरून कडक, आत मऊ, आणि हाडापर्यंत मसाला मुरलेला. सोबत तांदळाची भाकरी. कामगारांनी ती गाडी डोक्यावर घेतली. पण नाक्यावर कुणी उभं राहू देईना. आज इथून हाकललं, उद्या तिथून. एकदा तर कढईतलं तेल गटारात ओतायला लावलं. हे सगळं नाना बघत होते. चाळ त्यांची. कोपऱ्यावरच्या गाळ्यात त्यांनी सिमेंटच्या गोण्या भरून ठेवल्या होत्या. त्या त्यांनी काढायला लावल्या आणि बळवंतला म्हणाले, "इथं चूल लाव. उपाशीपोटी मशिनीवर उभा राहिलेल्या माणसाचा हात जातो. मी पाहिलंय." बस, तेवढंच बोलणं. नाना होते तोवर त्या बोलण्यापलीकडे कशाची गरज पडली नाही.

दारावर पाटी लागली, 'बळवंत फ्राय सेंटर'. ती कुणीच वाचली नाही. सगळे म्हणायचे, सुलूबायकडची कोंबडी.

पुढे बळवंत काविळीने गेला. पदरात धीरज, शाळेत जाणारा. सुलूने तेराव्यानंतर दुकान उघडलं. लोकांनी नावं ठेवली. ठेवणाऱ्यांतलेच काही संध्याकाळी पार्सल न्यायला आले. त्याच सुमारास ठमी आली. तिचं गाव आत, डोंगराकडे. भात कापून झालं की नवऱ्याबरोबर, जिवल्याबरोबर, ती वीटभट्टीच्या कामाला खाली उतरायची. सुलूला ती लाकडाची मोळी विकायला आली आणि लाकडं ओली आहेत म्हणून दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. भांडण संपलं तेव्हा ठमी चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होती. ती आजतागायत थापते आहे. फक्त आवणीच्या दिवसांत आपल्या डोंगरावरच्या तुकड्यात भात लावायला जाते. तेव्हा सुलूच्या भाकऱ्या वातड होतात आणि गिऱ्हाइकं विचारतात, "ठमीमौसी कब आयेंगी?"

त्या गाळ्याने बरंच पाहिलं. टाळेबंदीत सालवडच्या खोल्यांमधून उत्तरेकडची आणि ओडिशाची पोरं अडकून पडली होती, तेव्हा कोंबडी बंद होती. पण त्याच कढईत सुलू आणि ठमीने खिचडी शिजवली आणि डबे भरभरून पाठवली. पुढे गावी जाऊन परत आल्यावर ती पोरं आधी खोलीवर गेली नाहीत. सामान खांद्यावर तसंच घेऊन सुलूच्या बाकावर येऊन बसली.

आणि शैलेश. नानांचा मुलगा. लहानपणी घरच्या जेवणावर रुसला की या गाळ्यात येऊन बसायचा. सुलू त्याला मऊ तुकडा काढून द्यायची, हाडं बाजूला करून. हा शैलेश नाना गेल्यावर चाळीचा मालक झाला, आणि त्याने चाळ पाडून संकुल बांधायला चिराग नावाच्या बिल्डरला दिली. त्यात सुलूला वावगं काही वाटलं नव्हतं. चाळ खरंच जुनी झाली होती. वरच्या जिन्याच्या पायऱ्या हलत होत्या. नवं बांधा, आम्हाला आमची जागा द्या, मधल्या काळात कुठेतरी बसवा. यात भांडण्यासारखं काय आहे?

फलक लागल्यानंतरच्या रविवारी चिरागने सगळ्या भाडेकरूंना हॉलमध्ये बोलावलं. ढोकळा, चहा, भिंतीवर मोठ्या पडद्यावर चित्रं. चिराग तरुण, बोलायला मऊ, पायात पांढरेशुभ्र बूट. तो एकेकाला त्याची जागा दाखवत होता. शिंपी खूश, झेरॉक्सवाला खूश. बांगड्यांचं दुकान चालवणारी विजया, जी सुलूच्या बरोबर वरच राहायची, तिला तर दुकान आणि घर दोन्ही मिळत होतं. तिने सुलूचा हात दाबला.

सुलू आपलं दुकान शोधत होती. दर्शनी बाजूला, जिथे आज तिची भट्टी होती, तिथे चित्रात काचेचं कॉफीचं दुकान दिसत होतं.

"आनि माजं कुठं हाय?" तिने विचारलं.

"काकी, तुमचं इथे." चिरागने चित्र फिरवलं. इमारतीच्या मागे, गाड्या उभ्या करायच्या तळघराच्या कोपऱ्यात एक चौकोन होता. "मस्त थंड जागा आहे. आणि एक छोटीशी अट आहे, ती सगळ्यांनाच आहे. संकुल शुद्ध शाकाहारी राहील. त्यामुळे तुम्हाला मेनू थोडा बदलावा लागेल. पनीर फ्राय, मशरूम फ्राय... आजकाल खूप चालतं."

हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. सुलूला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"रस्त्यावर फलक कुनाचा हाय?" तिने विचारलं.

"आपलाच, काकी."

"त्यावर माज्या हातात काय हाय?"

"ती जाहिरात आहे, काकी. लोकांची एक भावना असते, जुन्या गावाबद्दल. ती आपण दाखवतो."

"म्हनजे तंगडी फलकावर चालते. दुकानात चालत नाय."

"काकी, वास येतो ना," चिराग समजुतीच्या सुरात म्हणाला. "फ्लॅट घेणारे लोक आधी तेच विचारतात."

वास! सुलूच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. या रस्त्याला पन्नास तऱ्हेचे वास येत होते. संध्याकाळी कारखान्यांकडून वारा आला की डोळ्यांतून पाणी यायचं, घशात आंबट चव राहायची. त्या वासाची कुणी अट घातली नाही. त्या वासात आठ तास उभं राहून आलेला माणूस जिथे येऊन म्हणतो, 'आंटी, गरम देना,' त्या कढईचा मात्र यांना वास येतो! तिने शैलेशकडे पाहिलं. तो पहिल्या रांगेत बसून मोबाइलमध्ये बघत होता. मान वर झाली नाही. सुलूने ढोकळ्याची बशी तशीच खुर्चीवर ठेवली आणि ती हॉलमधून बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी तिने रूपलला फोन लावला. "पोरी, माजा फोटो काढून घ्या तो." रूपल बिचारी चाचरत म्हणाली, "वरच्यांना विचारते, काकी." वरचे कोण, ते काही सुलूला कळलं नाही. फलक हलला नाही. उलट आठवडाभरात रिक्षांच्या पाठीवरही सुलू दिसायला लागली. भाजी आणायला गेली तर समोरून ती स्वतःच हसत येई. स्टेशनच्या पुलाखाली ती, सफाळ्याकडे निघालेल्या टमटमवर ती. ठमीला आता हसू येईनासं झालं.

मग टाकीची दुरुस्ती निघाली. सगळ्या चाळीत फक्त कोपऱ्यावरच्या गाळ्याचा नळ कोरडा पडला. सुलूने विचारलं तर सांगितलं, पाइप सडलाय, चाळ पडणारच आहे, आता कशाला बदलायचा? सालवडची पोरं कामावर जाता-जाता पाण्याचे कॅन आणून ठेवू लागली. सुलू कोंबडी धुवायला ते पाणी जपून वापरायची आणि धुताना शिव्या द्यायची. तिच्या शिव्या माहेरच्या होत्या, समुद्राकाठच्या. इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

पालघरला नोकरी करणारा धीरज शनिवारी आला. आईसमोर बसला. "आई, किती दिवस ही आग सोसणार? पैसे घे, सोड. माझ्याकडे चल. समिधाही तेच म्हणते."

"समिधा असं म्हनते?"

समिधा तसं म्हणाली नव्हती. सून म्हणाली होती, 'आईंना हवं ते करू दे.'

"मी दमले म्हनून सोडीन, तेवा सोडीन," सुलू म्हणाली. "त्यांना वास येतो म्हनून नाय सोडनार. जेव."

इथवर सुलूचा राग कढईखालच्या विस्तवासारखा होता, एका जागी धुमसणारा. तो भडकला विजयामुळे. बिचारीच्या मनात वाईट काहीच नव्हतं. ती मसाल्याला मिरच्या निवडायला मदत करायला बसली होती आणि बोलता-बोलता म्हणाली, "तू करारावर सही कदी करनार? आमी तर सगल्यांनी केली."

"मदी तर तू नाय म्हनत होतीस. जिन्याच्या खाली बाथरूम देतात म्हनून."

"होय गं. पन ती मानसं घरी आली, म्हनाली, सुलूबाय आता तयार हाय, फलकावर बघा कशी हसते. मी म्हटलं, सुलूलाच पसंत हाय तर आपन कशाला आडवं जायचं? शिंप्यानं पन तेच बघून केली."

सुलूच्या हातातली मिरची खाली पडली.

म्हणजे आपल्याला रस्त्यावरून तळघरात घालायचं, चूल विझवायची, आणि आपलंच हसणारं तोंड घरोघरी दाखवून बाकीच्यांना गळाला लावायचं! नवऱ्यामागे इतकी वर्षं या रस्त्यावर जे नाव कमावलं, ते असं वापरायचं, आणि तेही न विचारता! कुणी तिच्या गल्ल्यात हात घातला असता तरी तिला एवढं झोंबलं नसतं. तिचा चेहरा चोरला होता. तिच्या चेहऱ्याने खोटं बोललं गेलं होतं.

ती उठली. मोठी कढई अजूनही लाकडाच्या भट्टीवर चढायची. तिच्या बुडाला बोटभर काजळी धरलेली होती. सुलूने कढई उपडी घातली, उलथन्याने काजळी खरवडली, डब्यात घेतली, तिच्यात उरलेलं तेल ओतलं आणि चांगलं घोटलं. पलीकडे कुणी रंगारी काम करत होता, त्याची शिडी न विचारता उचलली.

"बाय, काय करते?" ठमी धावत आली.

"शिडी धर."

"पडशील गं!"

"तू धरशील तर कशी पडेन?"

ठमीने शिडी धरली. दुपारची पाळी सुटायची वेळ होती. रस्ता सायकलींनी आणि माणसांनी भरला होता. साठीची बाई, साडीचा ओचा खोचून, हातात डबा घेऊन शिडीवर चढते आहे, हे बघून सगळे जागच्या जागी थांबले. "आंटी, गिर जाओगी!" कुणीतरी ओरडलं. "पकडो रे, पकडो!" दोघेचौघे पुढे झाले आणि ठमीबरोबर शिडीला हात लावून उभे राहिले.

सुलूने डब्यात चिंधी बुडवली आणि आधी दातांवर फिरवली. मग ओठांवर, नाकावर, गालांवर. हात पुरेना तेव्हा टाचा उंचावून डोळ्यांवर फिरवली. तेलातली काजळी कोपरापर्यंत ओघळत होती. शेवटी वर फक्त झाऱ्यातली तंगडी राहिली आणि हसू गेलं.

शिडीवर उभ्या-उभ्या ती वळली. भाषण तिला कधी करता आलं नव्हतं. "बगा," ती ओरडली. "हे माजं तोंड. मी कुनाला सांगितलं नाय सह्या करा म्हनून. हे माज्या कोंबडीला जागा देत नाय आनि माज्या तोंडानं दुकान मांडतात. यांनी माज्या तोंडाला काळं फासलं ते कुनाला दिसलं नाय. म्हनून मी फासलं. आता दिसतंय?"

"दिसतंय!" विजया वरच्या गॅलरीतून ओरडली. तिचे डोळे भरले होते.

बिल्डरचा माणूस धावत आला, त्याच्यामागून हवालदार. हवालदार वर बघत राहिला, मग सुलूकडे, मग परत वर.

"हे कुणी केलं?"

"मी केलं, सायेब."

"तोंड कुणाचं आहे?"

"माजंच की. दिसत नाय होय?"

हवालदाराने मिशीवरून हात फिरवला. हसू दाबायला फिरवला हे सगळ्यांना कळलं. बिल्डरचा माणूस म्हणाला, "साहेब, फलक कंपनीचा आहे, नुकसान झालंय." हवालदार म्हणाला, "तक्रार द्या लेखी. त्यात हेही लिहा, की बाईंना विचारून फोटो लावला होता. विचारलं होतं ना?" बिल्डरचा माणूस फोनवर बोलत बाजूला गेला. तक्रार काही आली नाही. संध्याकाळच्या आत मात्र काळ्या तोंडाची सुलू प्रत्येकाच्या मोबाइलवर पोचली होती. दुसऱ्या सकाळी फलक उतरवलेला होता.

आता चाळीतल्या लोकांना जाग आली. वरच्या गॅलरीत सगळे जमले. विजयाच प्रथम बोलली. "शुद्ध शाकाहारी म्हनजे नुसतं दुकान, की आमचं घर पन? मग मी सुके बोंबील कुठं भाजायचे? सुकट कुठं परतायची?" हे आधी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. समुद्र एवढा जवळ आणि घरात बोंबील नाही? चाळ खवळली. दिलेल्या सह्या परत मागायला सगळे मिळून शैलेशच्या दारात गेले. सुलू सर्वांच्या पुढे होती. आयुष्यात प्रथमच तिला वाटलं, आपण एकट्या नाही.

चिराग हुशार माणूस. त्याने दोन दिवसांत तोड काढली. जुन्या भाडेकरूंची घरं मागच्या बाजूच्या वेगळ्या विंगेत असतील. त्या विंगेत ज्याने-त्याने आपल्या घरात हवं ते शिजवावं. दुकानांची अट मात्र तशीच राहील.

सुलूला हे सांगायला विजया आली. दारातच उभी राहिली. आत येईना.

"ठरलं गं," ती म्हणाली. "घराची अट काढली."

"आनि दुकानाची?"

विजया चौकटीचा रंग नखाने खरवडत राहिली. "आमी खूप बोललो. पन सगले म्हनाले, येवडं मिळालं ते तरी हातचं कशाला घालवायचं. माजी दोन पोरं हायेत, सुलू. जिना कदी पडेल..."

सुलूने भट्टीतलं लाकूड पुढे सारलं. म्हणाली, "म्हनजे माज्या काजळीवर तुमचे बोंबील शिजले."

विजया रडत गेली. त्या दिवशी सुलूने दुकान लवकर बंद केलं. चिरागचा राग आला होता तेव्हा तिच्या अंगात जोर आला होता. हा राग वेगळा होता. याच्यात जोर नव्हता. ठमी तिच्याजवळ बसून राहिली आणि नेहमीप्रमाणे नको ते बोलली, "तुला काय वाटलं, ती मानसं तुज्यासाटी आली होती?" सुलू तिच्यावर एवढी ओरडली, की रस्त्यावरचा कुत्रा उठून गेला. पण ओरडून झाल्यावर तिला जरा बरं वाटलं.

शेवटी शैलेश आला. एकटा नव्हे; गाडी रस्त्यावर उभी, आत चिराग बसलेला. शैलेश बाकावर टेकला, लहानपणी बसायचा त्याच्या पलीकडच्या बाकावर. "काकी, आता फक्त तुमच्यामुळे सगळ्यांचं अडलंय. पुढच्या कॉफीच्या दुकानाला आपण तुमचं नाव देऊ. 'सुलूज'. आत भिंतीवर तुमचा फोटो."

सुलूने कढईतून ताजे तुकडे काढले, ताटलीत ठेवले, लिंबू, कांदा, वर भाकरी, आणि ताटली त्याच्यासमोर ठेवली. "आदी खा. मग बोल."

शैलेशने ताटलीकडे पाहिलं, मग गाडीकडे. "नको काकी. आज वार आहे माझा."

"वार?" सुलूचा आवाज चढला. "आज बुधवार हाय, शैलेश. बुधवारी कसला वार? नानांच्या घरात बुधवारी मटण यायचं. सरळ सांग ना, तो गाडीतून बगतोय म्हनून खात नाय. बापानं मानसाच्या पोटाचा विचार करून गोन्या काढल्या होत्या इथल्या. तू बापाच्या जागेत बसून खायला घाबरतोस. आनि मला नाव देतोस? माजं नाव माज्याजवल हाय. तुला काय उरलं ते बग."

शैलेशचा चेहरा उतरला. तो उठला आणि गेला. ताटली तशीच राहिली. बाकावर बसलेल्या एका वेल्डरने विचारलं, "आंटी, ये मैं खा लूँ?" सुलू म्हणाली, "खा बाबा, तूच खा."

तरी सुलूने जागा सोडली. त्याच महिन्यात वरच्या जिन्याची पायरी निखळून शिंप्याची म्हातारी आई पडली आणि तिचं मनगट मोडलं. तिला रिक्षात बसवताना सुलूने तिचा दुसरा हात धरला होता. म्हातारी कण्हत म्हणाली, "नवीन घर बगायचंय गं मला." त्या दिवशी सुलूने ठरवलं. तळघरातली जागा तिने घेतली नाही. पनीरही तळलं नाही. चिरागच्या माणसाला तिने एवढंच सांगितलं, "तळघरात तुमची कॉफी लावा. मी चालले."

नवी जागा ठमीने शोधली. सालवडला मंगला नावाच्या एका बाईच्या चाळीत कामगारांच्या खोल्या होत्या, आणि पुढे पत्र्याची मोठी पडवी मोकळी होती. सुलूने तिला आधीच सांगून टाकलं, "बगा हां, वास येतो." मंगला म्हणाली, "अगो, वास आला तर खोल्या लौकर भरतील माज्या."

कढई तिथे गेली, बाकं गेली. 'बळवंत फ्राय सेंटर'ची पाटी काढताना फुटली. धीरज आणि समिधाने नवी रंगवून आणली. रस्त्यावरची जुनी गिऱ्हाइकं सगळी नाही आली. पालघरकडून गाडी थांबवून पार्सल नेणारे तुटले, स्टेशनवरचे तुटले. पहिले काही महिने कोंबडी उरायची आणि सुलू-ठमी दोघी ती नाइलाजाने खायच्या. मग पाळीवाली पोरं वाढली. दुकान चालतं आहे. पूर्वीइतकं नाही, पण चालतं आहे.

आणि नानांची चाळ? ती पाडली, भोवती निळे पत्रे ठोकले, मोठा खड्डा खणला आणि काम थांबलं. चिराग म्हणे परवानगीत अडकलाय. शैलेश म्हणतो, चिरागला विचारा. चिराग फोन उचलत नाही. खड्ड्यात पाणी साचलंय आणि बेडूक ओरडतायत. शिंप्याची आई मनगट बरं होऊन भाड्याच्या खोलीत बसली आहे. तिथून जाताना प्रत्येक वेळी सुलूच्या अंगाचा तिळपापड होतो. एका बाईची चूल विझवायची केवढी घाई होती यांना! बेडकांसाठी?

परवा सगळे भाडेकरू कोळगावला, जिल्ह्याच्या मुख्यालयात, साहेबांना भेटायला निघाले. सुलू ठमीवर दुकान टाकून त्यांच्याबरोबर टमटममध्ये चढली. धीरजने फोनवर विचारलं, "आई, तुझा त्यात काय संबंध? तुला तर त्यांनी वाऱ्यावर सोडलं."

"सोडलं," सुलू म्हणाली. विजया समोरच बसली होती. ऐकू जाईल असंच ती बोलली. "ते मी विसरले नाय, आनि विसरनार पन नाय. पन हे लोक तिथं जाऊन सायेब सायेब करतील नि चहा पिऊन परत येतील. बोलायला कुनीतरी पायजे."

विजयाने आपली पिशवी मांडीवर घेतली आणि सुलूला टेकायला जागा केली. सुलू टेकली, पण तिच्याकडे बघितलं नाही.

मुख्यालयाची इमारत मोठी, फरशा गुळगुळीत. एका दारातून दुसऱ्या दारात पाठवत-पाठवत शेवटी त्यांना एका साहेबांच्या खोलीत घेतलं. साहेब भला माणूस दिसत होता. म्हणाला, "या, बसा सगळे. चहा सांगू?"

शिंपी बसला, झेरॉक्सवाला बसला, विजयाही अर्धी बसली.

सुलू उभीच राहिली. "चहा नको," ती म्हणाली. "आदी त्या खड्ड्याचं काय ते सांगा."

विजया पुन्हा उठून उभी राहिली.